वेळेआधी उपटलेल्या काठ्या

ईस्टरचा आठवडा डोंगरावर काढला की सोमवारी अख्खा नॉर्वे एकाच रस्त्याने खाली उतरतो. त्या गाड्यांच्या रांगेत म्हणे एका वर्षी एका जोडप्याचं भांडण जुंपलं, घटस्फोट ठरला, भांडीकुंडीसुद्धा वाटून झाली, आणि दरीतल्या पुलापाशी पोचेपर्यंत दोघांचं पुन्हा जुळलं. खरंखोटं त्या दोघांना ठाऊक. तोरग्रिमचा मात्र या गोष्टीवर पूर्ण विश्वास होता. रांगेचं नाव काढलं की तो गाडीची किल्ली शोधायला लागायचा.

तोरग्रिम हा सरळ माणूस. पाळण्यात असतानासुद्धा तो ओळंबा लावल्यासारखा झोपायचा, असं त्याची आई सांगायची. जन्मात कधी खोटं बोलला नाही. सचोटीने म्हणावं तर तसं नाही, त्याला ते जमायचंच नाही. सुतारकाम शिकावं लागतं ना, तसं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि शिकवणारा तर घरातच बसला होता. त्याचा बाप आस्लाक ऐंशी उलटलेला. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला, जीभ मात्र अजून नोकरीवर. या म्हाताऱ्याने अस्वलाशी पत्ते खेळल्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, की खोऱ्यातली माणसं त्याला वाटेत थांबवून विचारायची, "काय आस्लाक, अस्वल बरं आहे ना?"

रविवारी रात्रीच्या जेवणाला या बापलेकांची जुंपली.

"उद्या सकाळी लांबतळ्यावर जाऊन येतो," आस्लाक म्हणाला. "योरूनला घेऊन. तो मासा आठवडाभर माझी वाट बघतोय."

योरून ही तोरग्रिमची लेक, आठ वर्षांची. तिने ताटातून मान वर केली. "पाठीवर झाड असलेला मासा ना, आजोबा?"

"बर्चचं झाड. गेल्या उन्हाळ्यात त्यावर चिमण्यांनी घरटं केलं होतं. मासा बुडी मारायचा तेव्हा बिचाऱ्या पिल्लांचे हाल व्हायचे."

"बाबा," तोरग्रिम काटा खाली ठेवत म्हणाला, "उद्या कोणी कुठे जायचं नाही. फरशी पुसायची, पाण्याचे नळ रिकामे करायचे, आणि जेवणवेळेच्या आत गाडी सुटली पाहिजे. नाहीतर पुलापासून मागे रांग लागते."

"पुढच्या वर्षी माझे गुडघे असतील का रे?"

"गुडघे असतील. मासा नसेल. जेव आता."

म्हातारा मुकाट्याने जेवला. आस्लाक मुकाट्याने जेवतोय म्हणजे काहीतरी शिजतंय, हे तोरग्रिमच्या बायकोने, राग्नाने, ओळखायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात तेव्हा फरशी होती.

आता तोरग्रिमच्याही डोक्यात काहीतरी शिजत होतं, आणि ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या बाजूच्या डोंगरघरांच्या मंडळाचा तो काठीप्रमुख. ईस्टरच्या आधी मंडळाची माणसं श्रमदानाने वाटेवर बांबूच्या उंच काठ्या रोवतात, टोकाला लाल पट्टी असलेल्या. डोंगरावर धुकं उतरलं की जमीन आणि आभाळ एक होतं. तेव्हा एका काठीवरून दुसरी काठी शोधत माणूस घर गाठतो. सोमवारी शेवटचा माणूस परतला की काठ्या उपटून गोळा करायच्या. मंडळाची अध्यक्ष सिग्रुन, शेजारच्याच घरातली, शाळेत मास्तरीण होती आणि निवृत्त झाली हे अजून तिच्या आवाजाला कळलं नव्हतं. तिचा नियम एकच: ऊन कलल्याशिवाय काठीला हात लावायचा नाही.

ऊन कलेपर्यंत थांबायचं, मग काठ्या उपटायच्या, मग रांगेत शिरायचं! तोरग्रिमला झोप लागेना. पहाटे तो उठला, बायकोला म्हणाला, "काठ्यांकडे जाऊन येतो," आणि रिकामी घसरगाडी मागे बांधून स्कीवर निघाला.

सकाळ अशी लख्ख की आभाळाला टिचकी मारली तर वाजावं. रात्रीच्या थंडीने बर्फ काचेसारखा टणक झाला होता. त्यावर स्कीचा ओरखडासुद्धा उठत नव्हता. तो कावळखिंड चढला, पलीकडे गोठलेल्या लांबतळ्यावर उतरला, तळ्याच्या टोकाला दगडी खोपीपर्यंत गेला, थर्मासातली कॉफी प्यायला, बायकोने दिलेलं तपकिरी चीज पावावर ठेवून खाल्लं, आणि परत फिरताना एकेक काठी उपटत आला. डोंगरावर चिटपाखरू नव्हतं. काठ्या घसरगाडीवर, त्यांच्यावर ताडपत्री. नियम मोडण्याची त्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर मजा येत होती. तळ्याच्या काठाने येताना तो चक्क गुणगुणत होता.

घरी पोचला तेव्हा राग्ना फरशी पुसत मागे मागे सरकत दारापर्यंत आली होती. आमच्याकडे शेवटच्या दिवशी फरशी अशीच पुसतात, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. एकदा पुसली की तिच्यावर पाय ठेवायचा नाही, घरच्या मालकाने असो की राजाने.

"झालं!" तोरग्रिम म्हणाला. "काठ्याही गोळा झाल्या. बस गाडीत. आज पुलावर आपण पहिले."

राग्नाने फडका पिळला. "काठ्या? आत्ताच? सिग्रुन तुझी चामडी लोळवेल." मग त्याच्या मागे पाहिलं. "ती दोघं कुठे आहेत?"

"कोण दोघं?"

"तुझे बाबा आणि योरून. तुझ्या मागोमागच निघाले की. 'तोरग्रिमला गाठतो आणि त्याच्याबरोबर परत येतो,' म्हणाले. भेटले नाहीत?"

तोरग्रिम गर्रकन वळला. आधी त्याने दाराशेजारी पाहिलं. बर्फाला भोक पाडायचा गिरमिट तिथे नव्हता. मग त्याने मागे वळून खिंडीकडे पाहिलं, आणि खिंडही तिथे नव्हती.

पश्चिमेकडून धुकं आलं होतं. डोंगरावरचं धुकं हळूहळू येतं असं शहरातले लोक समजतात. ते येतच नाही, ते असतं. एका क्षणी खिंड असते, दुसऱ्या क्षणी कोणीतरी पाटी पुसल्यासारखी ती गेलेली असते. त्या दिवशीचं धुकं तर असं दाट, की कुऱ्हाडीने ढलप्या पाडून चुलीशेजारी रचावं. आणि त्यात वारा सुटायला लागला होता.

"तळ्यावर गेलेत," तो पुटपुटला. "मासा."

"मग काठ्या धरून येतील," राग्ना म्हणाली. मग तिची नजर घसरगाडीवर गेली. ताडपत्रीखालून लाल पट्ट्या डोकावत होत्या. तिच्या हातातला फडका पुसलेल्या फरशीवर पडला, आणि ती त्या फरशीवरून बुटांसकट धावत आत गेली, गरम कपडे आणायला.

तोरग्रिम सिग्रुनच्या दारात जाऊन उभा राहिला. तिला सांगायला त्याने वाटेत तीन वाक्यं जुळवली होती. तोंडातून एकच आलं. "मी काठ्या काढल्या आणि माझी पोर पलीकडे आहे."

सिग्रुन ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त "हं" म्हणाली. चाळीस वर्षं पोरांनी त्या "हं"ला घाबरून पाढे पाठ केले होते. मग तिने फोन उचलला. बचाव पथकाशी बोलली, ऐकलं, फोन ठेवला.

"हेलिकॉप्टर या धुक्यात उडणार नाही. बर्फावरच्या स्कूटर घेऊन माणसं निघताहेत, पण स्कूटर ट्रेलरवर आहेत आणि ट्रेलर रस्त्यावर आहे."

"मग?"

"मग काय? आज सोमवार. रस्त्यावर रांग आहे."

तोरग्रिमने भिंतीला हात टेकला.

"उंबऱ्यावर उभं राहून रडायला आत्ता वेळ नाही," सिग्रुन म्हणाली. "ज्या काठ्या काढल्यास त्याच रोवत जा. म्हणजे निदान तू तरी परत येशील. मी खिंडीच्या पायथ्याशी उभी राहून पातेलं बडवते. आवाज ऐकू येईल तिकडे घर. आणि राग्नाला दोरी बांध. तुला एकट्याला मी आता कुत्र्याचं पिल्लूसुद्धा सांभाळायला देणार नाही."

दोघं निघाले. पुढे तोरग्रिम, कमरेला दोरी, दोरीच्या टोकाला राग्ना, तिच्या मागे काठ्यांची घसरगाडी. दोरी ताणली की राग्ना काठी रोवायची, मग पुढे. खिंडीपर्यंत डावीकडे कड्याचा आधार होता, जमलं. मागून सिग्रुनच्या पातेल्याचा ठणठणाट येत होता. खिंड ओलांडली तसा तो बारीक होत गेला आणि वाऱ्याने गिळला.

पलीकडे काहीच नव्हतं. दुधात पडलेल्या माशीला निदान आपण काळे आहोत एवढा दिलासा असतो. इथे तोरग्रिमला आपले गुडघेसुद्धा अंदाजाने ओळखावे लागत होते. उतार आहे की चढ हे पाय सांगत नव्हते. एकदा तो थांबलाय असं समजून उभा होता आणि प्रत्यक्षात घसरत होता.

"योरून!" तो ओरडायचा. "बाबा!" वारा ते शब्द तोंडातून काढून घ्यायचा आणि भलतीकडे नेऊन टाकायचा.

"ओरडू नकोस, ऐक," राग्ना मागून म्हणाली.

"ऐकू काही येत नाही!"

"तू ओरडतोयस म्हणून!"

त्याने गळ्यातलं होकायंत्र मुठीत धरलं आणि सुई दाखवेल तसा चालू लागला. पाय सपाटीला लागले, म्हणजे तळं. तळं लांबलचक, नावाप्रमाणेच. कुठल्या काठाला, कुठल्या खाचेत बसले असतील दोघं? तो चालत राहिला. राग्ना काठ्या रोवत राहिली. किती वेळ गेला याचा हिशेब राहिला नाही. मिशांचं लाकूड झालं. पापण्या चिकटायला लागल्या. तोरग्रिमच्या मनात आता एकच चित्र होतं: योरून चालतेय, काठी शोधतेय, एक काठी सापडली की दुसरी, असं तिला त्यानेच शिकवलं होतं. "काठी दिसली नाही तर थांब, पुढची दिसेपर्यंत डोळे ताण. काठी असतेच." असतेच, असं म्हणाला होता तो! काठीप्रमुख!

आणि तेवढ्यात त्याला काठी दिसली.

समोर, पांढऱ्यातून, लाल पट्टीची, सरळ उभी. तो इतका जोरात ओरडला की दोरीला हिसका बसून राग्ना पडली.

"काठी! एक राहिली! राग्ना, एक काठी माझ्याकडून राहिली! इथून वाट सापडते!"

त्याने त्या काठीला मिठी मारली. बायकोला लग्नात मारली नव्हती अशी. राग्ना उठून जवळ आली, काठीकडे पाहिलं, खाली वाकली. काठीच्या बुडाशी ताजा चुरा होता, आणि शेजारी तिच्याच बुटाचा ठसा, अर्धा भरलेला.

"ही मी रोवलीय," ती म्हणाली.

"कसं शक्य आहे? मी सुईप्रमाणे सरळ चालतोय!"

"दाखव."

त्याने मूठ उघडली. होकायंत्र होतं, आणि त्याला चिकटून, ऊब मिळावी म्हणून त्याच मुठीत धरलेला फोन. राग्नाने फोन उचलून बाजूला घेतला. सुई शहाण्यासारखी फिरली आणि भलतीचकडे बोट दाखवून उभी राहिली. फोन पुन्हा जवळ आणला. सुई लाचार होऊन फोनकडे वळली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मोठं गोल रिंगण घालून झालं होतं. घाण्याचा बैल तरी काही तेल काढतो.

तोरग्रिम बर्फात बसला. त्याला उठायचंच नव्हतं. "जा तू," तो म्हणाला. "काठ्या धरून परत जा. मी इथेच..."

"तोरग्रिम."

"मी पोरीला मारलं, राग्ना. एका रांगेसाठी."

"तोरग्रिम, तोंड बंद कर."

"बापाला पण..."

"तोंड बंद कर आणि ऐक!"

तो गप्प झाला. वारा क्षणभर श्वास घ्यायला थांबला. आणि त्या शांततेत, कुठूनतरी जमिनीखालून, घोगरा, संथ, चुलीपाशी बसून बोलावा तसा आवाज आला:

"...तर पिल्लांना सर्दी झाली. आता माशाच्या पाठीवरच्या झाडावरच्या घरट्यातल्या पिल्लांना सर्दी झाली, तर वैद्य कुठून आणायचा?..."

राग्नाने दोरी सोडली नाही हे नशीब. ती आवाजाच्या दिशेने अशी सुटली की तोरग्रिम मागून ओढला गेला, आधी पोटावर, मग गुडघ्यांवर. आवाज रिंगणाच्या आतूनच येत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. काठालगत बर्फाचा बांध होता, त्याच्या पोटात उन्हाचा खड्डा: वारा चुकवून ऊन खायला आम्ही ईस्टरला खणतो तसा. खड्ड्याला आता छप्पर आलं होतं, उडत्या बर्फाचं. राग्नाने हाताने ते फोडलं.

आत रेनडियरच्या कातड्यावर योरून होती, आजोबांच्या जाड कोटात गुंडाळलेली, फक्त नाक बाहेर. ओठ निळे. शेजारी आस्लाक, अंगात नुसता लोकरी सदरा, भुवया पांढऱ्या, हात काखेत. भोवती संत्र्यांच्या साली.

"आई," योरून झोपेतल्या आवाजात म्हणाली, "आजोबा झोपू देत नाहीत. मी झोपले की चिमटा काढतात."

राग्ना खड्ड्यात शिरली ती पोरीला छातीशी धरूनच बसली. तोरग्रिमने आपला कोट काढून बापाच्या अंगावर टाकला; म्हाताऱ्याला बाह्यांत हात घालता येईनात, बोटं चमच्यांसारखी ताठ झाली होती. मग त्याने उरलेल्या काठ्या खड्ड्यावर आडव्या टाकल्या, वर ताडपत्री, वर बर्फ. आत अंधार आणि चार माणसांचा श्वास. आता निघणं शक्य नव्हतं. म्हातारा उभा राहू शकत नव्हता, आणि उघड्यावर तो खिंडीपर्यंत टिकला नसता. थांबायचं. स्कूटर येईपर्यंत, नाहीतर वारा पडेपर्यंत.

"सकाळी मी गेलो इथून," तोरग्रिम म्हणाला. "काठावरूनच. तुम्ही कुठे होतात?"

"इथेच," आस्लाकचा आवाज आता खरवडल्यासारखा झाला होता. "गुणगुणत होतास. मी पोरीच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, दिसलो तर हाकलत घरी नेशील. मासा लागणारच होता रे... अगदी लागणारच होता." त्याने कोटात मान आखडली. "मग धुकं आलं. म्हटलं, काही हरकत नाही, काठ्या आहेत. वर आलो तर काठ्या नाहीत. एकही नाही. मला वाटलं माझंच डोकं गेलं. वाटलं, इतकी वर्षं खोटं बोललो म्हणून देवाने शेवटी डोळेच काढून घेतले. म्हणून परत खड्ड्यात आलो."

"डोकं नाही गेलं, बाबा. मी काढल्या काठ्या."

"तू?"

"मी."

"वेळेआधी?"

"हो."

"तू?" म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, आणि त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं. मग त्याची मान छातीवर पडली.

"बाबा?"

"झोपू देऊ नकोस!" राग्ना ओरडली. "हलव त्यांना!"

तोरग्रिमने हलवलं. गालावर चापट्या मारल्या. आस्लाकने डोळे अर्धे उघडले, "जरा पडू दे रे," म्हणाला, आणि पुन्हा मिटले. लहान मुलासारखा गोड हसला. डोंगरावरच्या माणसाला ते हसू ओळखता येतं. थंडी सोडून जाते तेव्हाचं ते हसू असतं, आणि थंडी एकटी कधीच जात नाही.

"आजोबा, पिल्लांचं काय झालं?" योरून म्हणाली. "आजोबा?"

म्हाताऱ्याची मान खांद्यावर कलंडली.

"बोल!" राग्नाने नवऱ्याला कोपर मारलं. "काहीतरी बोल! ते पोरीला बोलून बोलून जागं ठेवत होते. तू ठेव त्यांना!"

"काय बोलू?"

"काहीही!"

तोरग्रिमने घसा खाकरला. डोकं पुसलेल्या फरशीसारखं स्वच्छ होतं. शेवटी त्याला जे पाठ होतं ते तो बोलू लागला. "मंडळाची नियमावली. नियम पहिला. प्रत्येक सभासदाने आपल्या घराचं सांडपाणी..."

"बाबा!" योरून कळवळली. "ही गोष्ट नाही!"

"मला गोष्ट येत नाही गं."

"खोटं बोल ना!"

वर ताडपत्री फडफडत होती. बापाचा हात त्याच्या हातात होता आणि त्या हाताला काहीच वजन राहिलं नव्हतं. तोरग्रिमने डोळे मिटले आणि पाण्यात उडी मारावी तसा बोलला:

"एकदा... एक मासा होता."

"पुढे?"

"तो... मोठा होता."

"किती?"

"दोन किलो," तोरग्रिम म्हणाला. मग वाटलं हे फारच झालं. "एक किलो आठशे."

अंधारात काहीतरी हललं.

"आणि त्याने एका माणसाला गिळलं," तोरग्रिम जीव तोडून पुढे म्हणाला. "माणूस लहान होता. म्हणजे वजनाने. आणि माशाच्या पोटात... एक खोली होती. दहा चौरस मीटरची. खिडकी होती. खिडकीला... दुहेरी काच."

"शी!" असा एक घोगरा आवाज आला.

राग्नाने श्वास रोखला.

"दुहेरी काच कशाला?" आस्लाक डोळे न उघडता म्हणाला. "मासा पाण्यात आहे. खिडकी कुठे उघडणार? आधी त्या माशाने माणूस का गिळला ते सांग. उगाच कोणी कोणाला गिळत नाही."

"भूक लागली होती."

"भूक!" म्हाताऱ्याचा एक डोळा उघडला. "भूक लागली म्हणून कुत्राही खातो. त्यात गोष्ट कुठे आली? गाढवा, त्याला माणसाच्या खिशातलं काहीतरी हवं होतं."

"काय हवं होतं, आजोबा?" योरून उठून बसली.

"ते हाच सांगेल. बघू दे याला काय सुचतं."

तोरग्रिमला बापाची दुखरी नस सापडली होती. आयुष्यभर त्याला जे लाजिरवाणं वाटायचं, की आपल्याला दोन ओळींची थापही मारता येत नाही, तेच आता बापाला अलीकडे खेचत होतं. चांगली गोष्ट ऐकून म्हातारा सुखाने झोपला असता. वाईट गोष्ट त्याला सहन होत नव्हती. म्हणून तोरग्रिमने कंबर कसली आणि जास्तीत जास्त वाईट सांगायला घेतली.

"त्याच्या खिशात रुमाल होता."

"रुमाल?" आस्लाकने दोन्ही डोळे उघडले.

"निळा. इस्त्रीचा. माशाला सर्दी झाली होती."

"सर्दी पिल्लांना झाली होती, माशाला नाही! मघापासून मी घसा फोडतोय..."

"तू सांगताना मी बाहेर होतो, बाबा. मग माशाने नाक शिंकरलं आणि माणसाला रुमालाची पावती दिली."

"पावती!" आस्लाकने काखेतून दुसरा हात काढला आणि त्या ताठ बोटांनी पोराच्या खांद्यावर फटका मारायचा प्रयत्न केला. फटका लागला नाही, पण हात उचलला गेला, आणि तो हात राग्नाने पकडून आपल्या सदऱ्यात, पोटाशी घेतला. "अरे, मासा पावती कशावर लिहील? शाई पाण्यात फिसकटेल! अक्कल गहाण ठेवलीस का?"

"पेन्सिलीने लिहिली."

"पेन्सिल कोणाची?"

"मंडळाची."

म्हातारा इतका संतापला की त्याला खोकला आला, आणि खोकल्याने गालांवर थोडा रंग चढला. योरून हसत होती. तिचे दात वाजत होते, पण हसत होती. दूरवर, वाऱ्याच्या पलीकडे, एक बारीक गुरगुर उठली. कदाचित यंत्राची. कदाचित वाऱ्याचीच. राग्नाने मान वळवून ऐकलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. गुरगुर जवळ येत होती की लांब जात होती, सांगता येत नव्हतं. मध्येच ती थांबलीसुद्धा.

तोरग्रिमने तिकडे कान दिला नाही. बापाच्या पापण्या पुन्हा जड व्हायला लागल्या होत्या.

"मग त्या माणसाने माशाला विचारलं," तो घाईघाईने म्हणाला, "की बाहेर पडायचा रस्ता कुठून? मासा म्हणाला, सरळ जा, पुढे पूल आहे, पण आज सोमवार, तिथे रांग असेल."

"माशाच्या पोटात रांग?" आस्लाक उसळून उठू लागला. "कसली? कोणाची रांग? एकच माणूस गिळलाय ना त्याने? तू मोजायलाही विसरलास का? थांब. थांब, गप्प बस. पहिल्यापासून सांग. आणि या वेळी मी सांगतो तसं."

"नाही, बाबा," तोरग्रिम म्हणाला. डोळ्यांतलं पाणी गालावर गोठत होतं, ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. "माझी गोष्ट आहे. मीच सांगणार. तर रांगेत पहिली उभी होती एक गाय..."